तिथीप्रमाणे ड्युटी

दिघीच्या जेट्टीवर सकाळच्या फेरीबोटीची वाट बघत उभा असलो की मी आधी पाण्याकडे बघतो आणि मग मोबाइलकडे. वेळ दोन्हीकडून कळते. पाण्याकडे बघायची सवय घरची, मोबाइलकडे बघायची कॉलेजची. या दोन वेळांच्या मधे मी गेलं वर्ष काढलं आणि त्यात फार दमलो. त्याबद्दल लिहायचं आहे. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत, आई मासळी विकते. आमचं गाव दिघीच्या बाजूला. कॉलेज खाडीपलीकडे मुरुडला. फेरीबोटीने आगरदांड्याला उतरायचं, तिथून एसटी किंवा सहा सीटची रिक्षा. कॉलेज सकाळचं असतं, दुपारी सुटतं. विषय आयटी घेतला, कारण बाबांना कोणीतरी सांगितलं होतं की त्यात बसून काम असतं.

दुसऱ्या वर्षापासून मी दुपारी मुरुडमधल्या एका कंपनीत जायला लागलो. ही कंपनी बंदरावर बोटींकडून मासळी घेते आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून शहरातल्या लोकांना विकते. बोट लागली की मासळी इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते, वजन आपोआप टॅबलेटमध्ये जातं, प्रिंटरमधून वजन छापलेली चिकटपट्टी निघते, ती खोक्यावर लागते आणि खोकं बर्फाच्या गाडीत जातं. त्याच वेळी शहरातल्या एखाद्या बाईंना अ‍ॅपवर दिसतं की आज सुरमई आहे. हे सगळं चालू ठेवणारे आम्ही आयटीचे चौघं. सर मुख्य. नेटवर्क बघणारा दादा, पेणकडच्या आगरी घरातला, तोंडाने फटकळ. अ‍ॅप आणि त्यातली माहिती बघणारी ताई, मुरुडच्या बागायतदारांच्या घरातली. आणि काटे, टॅबलेट, प्रिंटर दुरुस्त करणारा मी.

अडचण अशी होती की बंदरावर काही बंद पडलं तर ते कोणाचं काम, हे ठरेपर्यंतच वेळ जायचा. आगरदांड्याहून फोन आला की चिकटपट्टी निघत नाही. मी प्रिंटर तपासायचा आणि सांगायचं, प्रिंटर बरोबर आहे, नेटवर्क बघा. दादा म्हणायचा, नेटवर्क हाय, अ‍ॅप बघा. ताई म्हणायची, अ‍ॅप चालू आहे, टॅबलेट बघा. तो पुन्हा माझ्याकडे. एकदा असंच चाललेलं असताना मी बंदरावर उभा होतो आणि एक मावशी टोपलीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचा कम्प्युटर उठंपरेंत माझी सुरमई परत पवायला लागंल रं बाबा." बाजूचे सगळे हसले. मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्या आईच्या ओळखीच्या होत्या.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कंपनीचे शेठ स्वतः ऑफिसात आले. मूळचे ट्रकच्या धंद्यातले, त्यांच्या वडलांची मिठागरं होती. आमच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हे बघा, नेटवर्क कोणाचं, प्रिंटर कोणाचा, मला न्हाय माहीत. मला एवढंच पायजे की मासळी बर्फात जायच्या आधी अ‍ॅपवर दिसली पायजे. तेवढ्यासाठी तुम्ही हाय. आता त्या हिशेबानं बसा."

सरांनी फळ्यावर कोणाकडे काय काम याचे जुने चौकोन पुसले आणि नवे काढले. आता यंत्रांप्रमाणे माणसं नाहीत, बंदरांप्रमाणे. मुरुडचं बंदर दादाकडे. आगरदांडा आणि दिघी माझ्याकडे, कारण दिघीची मासळीही आगरदांड्याच्याच काट्यावर येते आणि मी रोज तिथूनच ये-जा करतो. ताईने ऑफिसात बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारी आणि ऑर्डरी बघायच्या. आपल्या बंदरावर जे काय बंद पडेल, मग ते नेटवर्क असो नाहीतर प्रिंटर, ते त्यानेच उठवायचं. त्यासाठी आम्ही एकमेकांची कामं शिकून घ्यायची. सर म्हणाले, "एका बंदराला एकच माणूस. विचारायचं तर त्यालाच. 'माझं नाही, त्याचं' हे वाक्य आजपासून बंद."

मला ते पटलं होतं. अजूनही पटतं.

पण ड्युटीची वेळ सरांनी ठेवली नऊ ते पाच, माझ्यासाठी दुपारी एक ते सात. ती काही जमेना. आमच्याकडच्या लहान होड्या भरतीच्या पाण्यावर आत येतात. एक दिवस दुपारी तीनला येतात, आठवड्याने बघावं तर दुपारभर बंदर कोरडं, आणि मासळी सकाळीच येऊन गेलेली. दादा मुरुडला दिवसभर माश्या मारत बसायचा आणि चहाला गेला की नेमक्या बोटी लागायच्या. शेठ पुन्हा आले. चिडले होते. म्हणाले, "चौकोन बदलून काय उपेग? माणूस जागेवर न्हाय तर चौकोन चाटायचा काय?"

मी वर्गात करतो तसा हात वर केला. आता आठवलं तरी कसंतरी होतं, कारण ऑफिसात कोणी हात वर करत नाही.

"सर, ड्युटी तिथीप्रमाणे ठेवली तर?"

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावर कोणाला सांगावं लागत नाही. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसातून दोनदा. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडीला तेवढं पुरतं. हे मी सांगू लागलो तेव्हा शेठच मधे म्हणाले, "अरे हो, ठाव हाय. मिठागरात पाणी घ्यायला माझा बाप तेच गुणत बसायचा." ताईच्या घरी संकष्टी आणि एकादशी पाळायचे. दादाच्या आईने त्याला लहानपणी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करायला लावली होती. सरांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात प्रत्येक तारखेखाली तिथी छापलेली होती, आणि त्याच कॅलेंडरच्या खाली नऊ ते पाचचा तक्ता चिकटवलेला होता. खोलीतल्या प्रत्येकाला ती गोष्ट माहीत होती. ऑफिसात शिरताना आम्ही चपला बाहेर काढतो, तशी तीही बाहेर काढून ठेवली होती.

दादा मांडीवर थाप मारून म्हणाला, "आयला! चार टाळकी, चार लॅपटॉप, अन् कोनाला सुचलं न्हाय!"

नवा तक्ता त्याच संध्याकाळी झाला. भरतीच्या दोन तास आधीपासून पाणी उतरायला लागेपर्यंत बंदरावर हजर राहायचं. दिवसातली एकच भरती धरायची, रात्रीची सोडायची. बाकीचं काम ओहोटीत, ऑफिसात. सरांनी माझ्या चौकोनात 'बंदर प्रमुख' असं लिहिलं. शेठनी पाठीवर हात ठेवला. मी फळ्याचा फोटो काढला, घरी दाखवायला.

परतीच्या फेरीबोटीत मी पुढच्या दिवसांच्या वेळा तोंडी काढत होतो. एकादशीला सव्वाआठ. द्वादशीला नऊ. त्रयोदशीला पावणेदहा. पौर्णिमेला सव्वाअकरा, अमावास्येलाही तेच. मग पुढचं गुणायचं मी थांबवलं. कॉलेज सकाळचं. एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत आणि पुन्हा एकादशीपासून अमावास्येपर्यंत, ज्या वेळी वर्गात हजेरी घेतात त्याच वेळी माझ्या बंदरावर होड्या लागणार होत्या. शेवटचं सत्र होतं. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नाहीत. शोध माझाच होता, आणि मीच त्यात अडकलो होतो.

घरी फोटो दाखवला. आईने मोबाइल हातात धरून शेजारी दोन घरं फिरवला. बाबा जाळं शिवत बसले होते. त्यांनी फोटोकडे बघितलं नाही, विचारलं, "म्हंजे करायचं काय?"

मी सांगितलं. बंदरावर उभं राहायचं, बोट लागली की काटा, प्रिंटर, सगळं बघायचं.

"भरती बगून?"

"हो."

त्यांनी जाळ्याची गाठ ओढली. "मी बी तेच करतो रं. त्याच्यातनं सुटावास म्हनून तुला धाडला."

"तसं नाही बाबा, हे वेगळं आहे."

"व्हय, व्हय. तुज्या गळ्यात पट्टा हाय." असं म्हणून ते हसले. ओळखपत्राच्या पट्ट्याबद्दल बोलत होते. मला मात्र हसू आलं नाही.

नंतरचे महिने मला नीट वेगळे आठवत नाहीत. चांगला आठवडा आणि वाईट आठवडा, एवढंच आठवतं. प्रतिपदेपासून भरती दुपारी सरकायची. तेव्हा सकाळी कॉलेज (पहिले एक-दोन दिवस शेवटचे तास सोडून), मग उन्हात बंदर, मग ऑफिस. अष्टमीच्या सुमारास पहाटे अंधारात बंदर, तिथून तसंच कॉलेज. शर्टाला वास यायचा. शेजारचा मुलगा बाकावर थोडा सरकून बसायचा. आणि एकादशी लागली की कॉलेज बंदच. रोज वेळ थोडी पुढे सरकायची, त्यामुळे झोपेलाही ठरलेली जागा राहिली नाही. जेवायला बसलं की झोप यायची आणि आडवं झालं की पुढच्या दिवशीचा गुणाकार डोक्यात चालू व्हायचा. कामाला मात्र यश येत होतं, हे सांगितलं पाहिजे. मासळी बर्फात जायच्या आधी अ‍ॅपवर दिसत होती. त्या मावशी आता मला "आला रं आमचा प्रमुक" म्हणून हाक मारायच्या. ताईने गिऱ्हाइकांच्या तक्रारी कमी झाल्याचं सांगितलं. सगळ्यांचं बरं चाललं होतं, म्हणून माझं बरं चाललेलं नाही हे कोणाला सांगायला तोंड उघडत नव्हतं.

एक दिवस वर्गशिक्षिका मॅडमनी मला थांबवलं. शहरातून बदलून आलेल्या, स्वभावाने बऱ्या. म्हणाल्या, "तुझं मला एक कळत नाही. आठवडाभर रोज येतोस, मग एकदम गायब. पुन्हा येतोस, पुन्हा गायब. घरी काही उपासतापास, व्रत वगैरे आहे का?"

"नाही मॅडम. ड्युटी असते."

"कसली ड्युटी?"

"भरतीची." मग मी सगळं सांगितलं. सांगता सांगता मलाच ते खोटं वाटायला लागलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "हे बघ, मी चंद्राला पत्र लिहू शकत नाही," त्या म्हणाल्या. "आत्तापर्यंतचं मी कसंतरी सांभाळते, तू राहिलेलं काम लिहून दे. पण यापुढे एक जरी आठवडा असा गेला तर यादीत तुझं नाव येईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. तू ठरव."

त्या दिवशी शुक्ल पक्षातली सप्तमी होती. ठरवायला एकादशीपर्यंत वेळ होता.

मी आधी दादाकडे गेलो. तो मुरुडच्या बंदरावर केबल गुंडाळत होता. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "अरे, बारशापासून लग्नापरेंत लोक चंद्राला इचारून करतात. तुझं कॉलेजच काय मोठं लागून गेलं?" मग माझं तोंड बघून केबल खाली ठेवली. "येडा हायेस. आदी सांगायचं ना. मी येऊ शकत न्हाय, माझ्याकडं बी त्याच टायमाला बोटी. पन सरांना सांग. पोटात ठेवून काय अंडी घालनार हायेस?"

सरांना सांगितलं. मी म्हटलं, तेवढ्या दिवसांपुरतं कोणी आगरदांडा बघितला तर? ताई चालेल का?

"तिला विचारता येईल. पण मग काय होईल माहीत आहे?" सर म्हणाले. "पाच दिवस ती, दहा दिवस तू. प्रिंटर बिघडला की ती म्हणणार, हा आधीपासूनच बिघडलेला. तू म्हणणार, मी होतो तेव्हा चालू होता. हेच मोडायला आपण हे सगळं केलं. तूच तर भरतीचं सुचवलंस."

ते रागावून बोलत नव्हते. खरं तेच बोलत होते, आणि तेच मला जड गेलं. ते चुकीचे असते तर मला भांडता आलं असतं.

शेठ आले तेव्हा विषय निघाला. मी उभाच होतो. शेठ म्हणाले, "मग सोपं हाय. एका बंदराला एकच माणूस म्हणताय ना? मग हा नको, दुसरा बघा." ते माझ्याकडे वळले. "तू हुशार हायेस. कॉलेज मी बी सोडलं, ट्रकवर बसलो. माझं काय अडलं? सोडतोस तर ते बंदर तुझं. पुढच्या वर्षी तिन्ही बंदरं तुझी."

मला वाटलं, हो म्हणावं. खरंच वाटलं. झोप मिळाली असती. घरी आईला पुन्हा कुठलातरी फोटो दाखवता आला असता. पण मला सारखे बाबा आठवत होते, जाळ्यावर मान घालून बसलेले. मी म्हटलं, "शेठ, मला परीक्षा द्यायची आहे." आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी "काय?" असं विचारलं आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

तेव्हा ताई बोलली. ती अशा वेळी सहसा बोलत नाही. "आगरदांडा मी घेते. पाच दिवस नाही, अख्खं घेते. गिऱ्हाइकांचं मी फोनवर कुठूनही बघू शकते."

दादा म्हणाला, "ताई, मासळीचा वास सोसंल काय? तुमच्या वाडीत सुपारी-नारळाशिवाय काय नसतं."

"तुला सोसला की," ताई म्हणाली. शेठ मोठ्याने हसले आणि विषय तिथे मिटला.

नंतर जिन्यात मी तिला म्हटलं, "ताई, तुम्हाला त्रास होईल." तिने पर्स खांद्यावर नीट केली. "होईलच. पण मला बारावीनंतर कोणी विचारलंच नव्हतं, पुढे शिकायचं का म्हणून. लग्नाचं विचारलं." एवढंच म्हणाली आणि खाली उतरली. माझ्यासाठी घेतलं की स्वतःसाठी, मला अजून नक्की कळलेलं नाही. बंदरावरच्या माणसाला पगार थोडा जास्त आहे, हेही खरं.

फळ्यावरच्या चौकोनांत माझा आता वेगळा चौकोन नाही. ओहोटीच्या वेळी बंदरांवरचे टॅबलेट आणि प्रिंटर ऑफिसात येतात, त्यांतलं मीठ पुसणं, बॅटऱ्या बदलणं, बिघडलेलं उघडणं हे माझं काम. पुन्हा यंत्रांचं. सरांनी दादाच्या आणि ताईच्या चौकोनांच्या मधे बारीक अक्षरात 'दुरुस्ती' लिहिलं, कारण जागा तेवढीच होती. घरी सांगितलं तेव्हा बाबा "बरं झालं" म्हणाले. आईचं तसं नव्हतं. तिने तो फोटो बाजारात सगळ्यांना दाखवला होता, आता कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे तिच्या चेहऱ्यावर होतं. रात्री तिने मला वाढताना माशाची तुकडी मात्र मोठी दिली.

त्यानंतरची पहिली त्रयोदशी. फेरीबोट आगरदांड्याला लागली तेव्हा ताई काट्यापाशी उभी होती. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात नवे रबरी बूट. त्या मावशी तिला म्हणत होत्या, "बाय, नाक सोड, न्हायतर वजन दिसाचा न्हाय." ताईने नाक सोडलं. मला बघून हात केला. प्रिंटरमध्ये चिकटपट्टीचा रोल उलटा बसला होता. मी तो काढून सुलट घातला, एक पट्टी काढून दाखवली. तिकडे एसटीच्या कंडक्टरने घंटी दिली.

"जा," ताई म्हणाली. "बस जाईल."

खिडकीपाशी जागा मिळाली. खाडीच्या तोंडाशी पहिली होडी आत वळत होती. कोणाची ते मला रंगावरून कळलं, आणि तिच्यात आज काय असेल तेही साधारण कळलं. ताईला ते कळायला एक पावसाळा जावा लागेल. उतरून सांगावंसं वाटलं. मी उतरलो नाही. उतरलो असतो तर ते बंदर पुन्हा दोघांचं झालं असतं.

वर्गात मॅडम हजेरी घेत होत्या. माझा नंबर आला, मी "हजर" म्हटलं. त्यांनी मान वर केली. "अरे वा. आज उपास नाही वाटतं?" दोन-चार जण हसले, का ते त्यांना माहीत नसताना.

"नाही मॅडम," मी म्हटलं आणि खाली बसलो.

शेजारचा मुलगा सरकला नाही. शिकवणं सुरू झालं. मी लक्ष द्यायचं ठरवलं होतं, पण पंख्याखाली डोळे जड व्हायला लागले. पावणेदहा होत आले होते, आगरदांड्याला पाणी भरत आलं असणार. खिशातला फोन एकदा थरथरला, बहुतेक बंदरावरून, आणि थांबला. पुन्हा वाजतो का म्हणून मी वाट बघितली. तो वाजला नाही.